तिसरीतली मुले बाराखडी म्हणतात, पण वाचत नाहीत: अभ्यासकांपैकी कोणाचे ऐकावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवता. तिसरीतल्या १९ मुलांपैकी जवळजवळ निम्मी मुले बाराखडी न अडखळता म्हणतात, फळ्यावरचा मजकूर वळणदार अक्षरात उतरवून घेतात, पण आधी न पाहिलेले चार शब्दांचे वाक्य समोर ठेवले की गप्प बसतात. शिक्षण परिषदेत एका अभ्यासकांनी सांगितले की घोकंपट्टी थांबवा, मुलांच्या हाती गोष्टींची पुस्तके द्या, वाचन आपोआप येईल. त्यानंतर एका ऑनलाइन व्याख्यानात दुसऱ्या अभ्यासक बाईंनी अक्षरे पद्धतशीर शिकवल्याशिवाय वाचन येतच नाही, असे तितक्याच ठामपणे सांगितले. परिसरातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांचा प्रश्न मात्र एकच असतो: मूल मिनिटाला किती शब्द वाचते? यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

मला यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले दिसतात. एक मुलांविषयीचा आहे: ही मुले नेमकी कुठे अडली आहेत? दुसरा अभ्यासकांविषयीचा आहे: त्यांचे म्हणणे आपल्या वर्गापुरते कसे पडताळून घ्यावे? पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याची धार बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे. पण आपण दुसराच विचारला आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करते.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामामुळे भाषावैज्ञानिक, मानसशास्त्रज्ञ आणि बालसाहित्याचे जाणकार अशा तिन्ही प्रकारच्या अभ्यासकांशी बोलण्याची संधी मला मिळत आली आहे. त्यातून एक सवय जडली. कोणी ‘मुले अशी वाचायला शिकतात’ असे म्हटले की मी विचारते: कोणत्या लिपीतली मुले, घरी कोणती बोली बोलणारी, आणि आपण ‘वाचन’ म्हणून काय मोजले? बहुतेक चांगले अभ्यासक या प्रश्नाने सुखावतात, कारण त्यांच्या विधानाची मर्यादा त्यांना ठाऊक असते. व्याख्यानाच्या एका तासात ती सांगायची राहून जाते, एवढेच. ज्यांना हा प्रश्न आवडत नाही, त्यांचे सल्ले मी जरा सावकाशीने अमलात आणते.

आता वादाकडे पाहू. ‘अक्षर आधी की अर्थ आधी’ हा झगडा आपल्याकडे बराचसा इंग्रजीच्या जगातून आलेला आहे. अमेरिकेत जीन चॉल यांनी १९६७ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध सुरुवातीपासून थेट शिकवावा, असा कौल दिला. त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी अगदी वेगळी मांडणी केली: वाचणारा प्रत्येक अक्षर उलगडत बसत नाही, भाषेच्या जाणिवेवर अंदाज बांधत तो पुढे जातो. पुढची तीन-चार दशके तिकडे हा वाद धुमसत राहिला, आणि २००० साली तिथल्या राष्ट्रीय वाचन मंडळाच्या अहवालाने पद्धतशीर अक्षर-ध्वनी शिक्षणाला पुन्हा बळ दिले. इंग्रजीत एकाच अक्षरसमूहाचा उच्चार शब्दागणिक बदलतो, त्यामुळे नुसत्या अक्षरांच्या भरवशावर मूल फार दूर जाऊ शकत नाही, हे गुडमन यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे त्या भाषेत तरी निराधार नव्हते.

मराठीची गोष्ट वेगळी आहे. ‘पुस्तक’ हा शब्द ज्याला अक्षरे येतात त्याला तो अर्थ माहीत नसतानाही बिनचूक उच्चारता येतो. काही थोड्या जागा निसरड्या आहेत: ‘चार’ मधला च वेगळा आणि ‘चारा’ मधला वेगळा, ‘घर’ लिहिताना र पूर्ण असतो, बोलताना मात्र त्यातला अ गळतो. पण एकंदरीत लिपी प्रामाणिक आहे. म्हणून चित्र पाहून किंवा पहिले अक्षर पाहून शब्दाचा अंदाज बांधायला शिकवण्याची गरज मराठीत फारशी नाही, आणि तो सल्ला जसाच्या तसा इकडे आणला की नुकसान होते. ‘बदक पाण्यात पोहते’ या ओळीवर बोट ठेवून ‘बदक तळ्यात पोहतंय’ असे खणखणीत म्हणणारी मुले आपणही पाहिली असतील. त्या मुलाने चित्र उत्तम वाचले आहे, ओळ मात्र वाचलेली नाही.

याची दुसरी बाजू अशी की मराठीत मुलाला जे ओळखावे लागते त्याची संख्या फार मोठी आहे. इंग्रजीच्या मुलाला सव्वीस अक्षरांच्या लहानमोठ्या आकृत्या शिकायच्या असतात. आपल्याकडे ३४ व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बारा रूपे धरली, तर आकडा चारशेच्या वर जातो. ॲ आणि ऑ मिळवून चौदाखडी केली तर आणखी वाढतो. जोडाक्षरे, रफार, रकार अजून बाजूलाच आहेत. शिवाय स्वरचिन्हे व्यंजनाच्या चारी बाजूंना बसतात. पहिली वेलांटी लिहिली जाते आधी आणि उच्चारली जाते नंतर, उकार खाली जातो, मात्रा डोक्यावर जाते. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या संशोधनातून हेच पुढे आले: आपल्यासारख्या लिप्यांमध्ये अक्षरसंचावर प्रभुत्व यायला शाळेची चार-पाच वर्षे लागू शकतात, आणि अक्षराच्या आतले सुटे ध्वनी वेगळे करण्याची जाणीवही हळूहळूच येते. अर्थात, पहिलीअखेर ‘अक्षरे संपली’ असे जे आपण गृहीत धरतो, ते लिपीच्या स्वभावाला धरून नाही. तिसरीतल्या मुलाला अजून स्वरचिन्हे पक्की आलेली नसणे ही अपवादात्मक किंवा लाजिरवाणी बाब नाही. फक्त तिसरीचे पुस्तक आणि वेळापत्रक ती येतात असे धरून चालते, म्हणून ते मूल एकटे पडते.

मग ‘आकलन’ म्हणणारे अभ्यासक चुकीचे आहेत का? तसेही नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये एक साधे सूत्र मांडले, आणि वर्गात उभे राहणाऱ्याला इतके उपयोगी पडणारे दुसरे सूत्र मला अजून भेटलेले नाही. वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही असो, उत्तर शून्यच. ज्या मुलाला अक्षरे उलगडता येत नाहीत त्याला गोष्टींचे कपाट उघडून दिले तरी ते चित्रेच पाहणार, आणि ज्या मुलाला पुस्तकातली मराठीच अनोळखी आहे ते अक्षरे खडखडीत वाचूनही रितेच राहणार. परिषदेतले अभ्यासक आणि व्याख्यानातल्या बाई बहुधा या गुणाकारातल्या दोन निरनिराळ्या अंगांविषयी बोलत होते. अशा दोन जाणकारांना एकदा एका चर्चेत समोरासमोर बसवले होते, तेव्हा अर्ध्या तासात असे निघाले की एकजण शाळेच्या पहिल्या तासिकेविषयी बोलत होता आणि दुसरा दुपारच्या.

आपल्या राज्यातला पुरावा हवा असेल तर शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाषांमधल्या साक्षरतेवर केलेला अभ्यास मिळवून वाचावा. पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका मराठीसाठी आणि कर्नाटकातला यादगीर जिल्हा कन्नडसाठी निवडून, त्याच त्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत मागोवा त्यात घेतला गेला. तिसरीअखेरही अनेक मुलांना सलग उतारा वाचता येत नव्हता. वर्गातले लेखन म्हणजे मुख्यतः उतरवणे होते, स्वतःच्या मनातले लिहायला फारसा वाव नव्हता. आणि आकलनाच्या नावाखाली बहुधा शिक्षकच अर्थ सांगून टाकत होते. म्हणजे गुणाकाराची दोन्ही अंगे अशक्त होती. देशपातळीवर ग्रामीण मुलांची पाहणी करणारे ‘असर’ अहवाल दर खेपेला हेच चित्र आकड्यांत दाखवतात: दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, कोविडनंतर २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के झाली. आपल्या वर्गातली निम्मी मुले अडली आहेत याचे खापर एकट्या आपल्यावर फोडू नये, एवढ्यासाठी हे आकडे दिले.

आता मुलांकडे वळू. आपण दिलेल्या वर्णनातले दोन तपशील महत्त्वाचे आहेत: बाराखडी म्हणता येते आणि उतरवता येते. दोन्ही गोष्टी वाचता न येताही साधतात. बाराखडी हे एक गाणे आहे. मूल चालीवर ते म्हणते आणि मधलेच ‘पे’ दाखवले तर ‘प, पा, पि, पी’ असे मनातल्या मनात सुरुवातीपासून धावत तिथवर पोहोचते. एक शब्द वाचायला अशा तीन धावा लागल्या, तर शेवटच्या अक्षराशी येईपर्यंत पहिले विसरलेले असते. उतरवण्याचे तर आपण उद्याच पडताळून पाहा. फळ्यावर ‘किटलीतला चहा’ एवढेच लिहा आणि वहीकडे लक्ष न देता मुलांच्या माना पाहा. वाचता येणारे मूल एकदा वर बघते आणि ‘किटलीतला’ हा सबंध शब्द लिहून टाकते. न येणारे मूल वेलांटीसाठी वर बघते, क साठी वर बघते, ट साठी पुन्हा बघते. त्याचे अक्षर सुंदर असते, कारण ते चित्र काढत असते.

यापुढची चाचणी मूलमागे दहा मिनिटांत होते आणि तिला कसलेही साहित्य लागत नाही. प्रथम सुटी अक्षरे क्रम मोडून दाखवावीत. मग स्वरचिन्हे लागलेली अक्षरे, तीही एकाच अक्षराची नव्हेत, तर ‘मे, गु, ली, टो’ अशी विखुरलेली. त्यानंतर ‘बुमी’, ‘केटा’, ‘गिपा’ असे अर्थ नसलेले शब्द; ही भुतांची नावे आहेत असे सांगितले की मुले आवडीने वाचतात, आणि पाठांतर किंवा अंदाज येथे उपयोगी पडत नसल्यामुळे उलगडण्याची खरी ताकद कळते. शेवटी त्याच इयत्तेच्या पातळीचा एक छोटा उतारा आपणच वाचून दाखवावा आणि तोंडी दोन-तीन प्रश्न विचारावेत, त्यातला एक तरी ‘का’ ने सुरू होणारा असावा. शेवटच्या पायरीवर बहुतेक मुले चांगली उत्तरे देतील असा माझा अंदाज आहे. तसे झाले तर त्यांची समज शाबूत आहे आणि अडचण अक्षरांपाशी आहे. तिथेही ती अडखळली, तर मात्र घरची बोली आणि पुस्तकाची मराठी यांमधले अंतर तपासावे लागेल. आपल्या गावात कोणती बोली बोलली जाते, किती मुले ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर जातात आणि वर्षातून किती महिने वर्गात असतात, हे आपण लिहिलेले नाही. यानुसार माझा पुढचा सल्ला बराच बदलेल. सलग चार महिने गैरहजर राहणाऱ्या मुलाची अडचण पद्धतीची नसते.

आपल्या वर्णनावरून बहुसंख्य मुले स्वरचिन्हांवर अडली आहेत असे धरून पुढचे लिहिते.

यासाठी सगळी अक्षरे पुन्हा क पासून ज्ञ पर्यंत घेऊ नका. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी रुजवलेली आणि पुढे अनेकांनी आपापल्या परीने वापरलेली रीत अशी की मोजकी अक्षरे आणि एक-दोन स्वरचिन्हे यांचा एक गट घ्यावा आणि लगेच त्यातून शब्द व वाक्ये वाचायला द्यावीत. उदाहरणार्थ क, म, ल, र, त, आ ही अक्षरे आणि काना व दुसरी वेलांटी एवढ्या सामग्रीतून मामा, मका, माती, रात, काल, तारा, मीरा, काकी, लाल, कमाल हे शब्द होतात, आणि ‘काल मामा आला’ हे वाक्य सबंधच्या सबंध वाचता येते. पहिल्याच आठवड्यात मूल एक खरे वाक्य स्वतः वाचते, याचे मोल तिसरीतल्या हिरमुसलेल्या मुलाला फार असते. पुढच्या गटात चार-पाच अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह वाढवावे. गट पाडताना दिसायला सारखी अक्षरे, म्हणजे भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, एकाच गटात येऊ देऊ नयेत. लिहिताना आधी येणारी पहिली वेलांटी सुरुवातीला घाईने घेऊ नये. दुसरी पक्की झाल्यावर ती घेतली की गोंधळ कमी होतो.

बाराखडीचा तक्ता काढून टाकण्याचे कारण नाही, तो फक्त उभा वाचायचा. ‘क का कि की’ ऐवजी ‘का मा ला ता रा’ अशी एका स्वरचिन्हाची ओळ वरून खाली वाचली की काना म्हणजे काय, हे मुलाला स्वतःहून उमगते, कारण बदलते ते व्यंजन आणि टिकून राहतो तो आ. आडव्या वाचनात चाल हाती लागते, नियम लागत नाही. ‘क ला पहिली वेलांटी कि’ असे फोडून म्हणण्याची रीत लिहिताना सोयीची आहे; वाचताना मात्र ती बंद करावी. ‘किटली’ वाचताना मूल तीन अक्षरांसाठी दहा-बारा अवयव उच्चारणार असेल, तर शब्द त्याच्या कानावर पडणारच कसा? त्याने थेट ‘कि’ म्हणावे, चुकल्यास ओळीतल्या ‘मि, लि, ति’ कडे बोट दाखवावे.

हे काम रोज अर्धा-पाऊण तास, लहान गटात आणि न चुकता व्हावे. जोडवर्गात, म्हणजे एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता एकत्र असताना, हे कसे जमवायचे हा प्रश्न आपण विचारला नसला तरी तो उरतोच. माझ्या पाहण्यात तरी हे काम परिपाठानंतर लगेच, वाचता येणाऱ्या मुलांना स्वयंअध्ययनाला बसवून केले तरच टिकते. दुपारवर ढकलले की ते वाहून जाते, कारण दुपारी कोणती तरी माहिती वरच्या कार्यालयाला तातडीने पाठवायची असतेच.

आता परिषदेतल्या अभ्यासकांच्या गोष्टींच्या पुस्तकांचे. ती हवीतच, आणि अक्षरे पक्की होईपर्यंत थांबूनही चालणार नाही, कारण तोवर गुणाकाराचे दुसरे अंग वाळून जाईल. मात्र या टप्प्यावर पुस्तक मुलाने वाचायचे नसून आपण वाचून दाखवायचे आहे. रोज एक गोष्ट, पुस्तक मुलांना दिसेल असे धरून, अर्थ सांगत न बसता वाचावी. मध्येच थांबून ‘आता ती काय करेल, आणि तसे का वाटते?’ असे विचारावे आणि उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तरी ‘चूक’ म्हणू नये. नवे शब्द गोष्टीच्या ओघात दोन-तीनच घ्यावेत. शाळेत पुस्तके कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तके विनामूल्य मिळतात. मोबाइलवरून सगळ्या वर्गाला दिसत नाहीत, म्हणून निदान काही छापून घ्यावीत. पुस्तके मुलांच्या हाती पोहोचतील अशा उंचीवर ठेवावीत. कपाटात कुलूपबंद, साठा नोंदवहीत मात्र ठळक, अशी पुस्तके मी इतक्या शाळांत पाहिली आहेत की त्याविषयी आता बोलतही नाही.

लेखनाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सल्ल्यांच्या गर्दीत तेच मागे पडते. एमिलिया फेरेरो यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या लहान मुलांचे लेखन बारकाईने पाहिले तेव्हा त्यांना दिसले की रूढ रीतीने लिहिता येण्यापूर्वीच मुले स्वतःचे नियम बांधतात, जसे शब्दातल्या प्रत्येक अवयवासाठी एक अक्षर. आपल्या मुलांना मनातले लिहायला सांगितले की असेच काहीसे हाती येते. एका मुलाच्या वहीतली ओळ समोर आहे: ‘मझ बब शतत गल’. वरवर पाहणाऱ्याला ही नुसती चुकांची रांग वाटेल. प्रत्यक्षात मुलाला ‘माझे बाबा शेतात गेले’ असे लिहायचे होते, आणि त्याने प्रत्येक अक्षराची जागा अचूक राखली आहे, व्यंजन एकही चुकवलेले नाही. गळली आहेत ती केवळ स्वरचिन्हे. ही एक ओळ मला कोणत्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा जास्त सांगते: या मुलाला सुटी व्यंजने पुन्हा शिकवण्यात वेळ घालवू नये, काना आणि मात्रा यांवरच काम करावे. म्हणून रोज एक-दोन वाक्ये मुलांना स्वतःच्या मनातली लिहू द्यावीत आणि तपासताना लाल शाईने सगळे सुधारू नये. त्या आठवड्यात काना शिकवला असेल तर काना तेवढा तपासावा; बाकीच्याची नोंद आपल्या वहीत करावी. मुलाने सांगितलेले वाक्य आपण शुद्ध रूपात खाली लिहावे आणि दोघांनी मिळून वाचावे. श्रुतलेखन घ्यायचे तर शिकवून झालेल्या अक्षरांतल्या शब्दांचेच घ्यावे.

बोलीचा मुद्दा वर निसटता आला. मूल ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचत असेल, ‘नाही’ ला ‘नाय’ म्हणत असेल, तर ती वाचनाची चूक धरू नये. त्याने छापील शब्द ओळखला आणि स्वतःच्या बोलीत उच्चारला. किंबहुना अर्थ लागल्याचीच ती खूण आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी मूल वाचत असताना प्रत्येक चूक जशीच्या तशी टिपून घेण्याची जी पद्धत रूढ केली, तिचा उपयोग येथेच होतो: चुका मोजण्यापेक्षा त्या कोणत्या जातीच्या आहेत हे पाहावे. ‘पाणी’ चे ‘पानी’ होणे, ‘पाणी’ चे ‘पणी’ होणे आणि ‘पाणी’ चे ‘तळे’ होणे या तीन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत काही करायचे नाही, दुसरीत काना पक्का करायचा, तिसरीत मुलाला चित्रावरून ओळीकडे आणायचे. तिघांना एकच ‘चूक’ असा शिक्का मारला की शिकवण्याची दिशाच हरवते.

राहिला केंद्रप्रमुखांचा प्रश्न. तिसरीपर्यंत मुलांचे वाचन-लेखन आणि अंकज्ञान पक्के व्हावे यासाठीचे केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले तेव्हा दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द, तेही अर्थासह, असे लक्ष्य ठेवले गेले. वेग मोजण्यामागे कारण आहे: वाचन फार संथ असेल तर वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात निसटते आणि अर्थ लागत नाही. परंतु मराठीत एका शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून येतात, हे मोजणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे. ‘घरापुढच्या झाडाखाली’ हे आपण दोन शब्द मोजतो; तेच हिंदीत ‘घर के सामने के पेड़ के नीचे’ असे लिहिले की सात शब्द होतात. मुलाने केलेले काम जवळजवळ सारखेच असते. एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेने २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात वीस भाषांसाठी वेगवेगळे मापदंड काढले ते याच कारणाने, आणि हे आपण केंद्रप्रमुखांना शांतपणे सांगू शकता. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी प्रत्येक मुलासमोर तीन नोंदी ठेवाव्यात: कोणत्या गटापर्यंतची अक्षरे व स्वरचिन्हे पक्की, त्या अक्षरांतला अनोळखी मजकूर किती सहज वाचतो, आणि ऐकलेल्या गोष्टीवर काय बोलतो. दर पंधरा दिवसांनी ही नोंद पुढे सरकलेली दिसली, तर आकडा विचारणारे अधिकारीही बहुधा ती मान्य करतात. सध्या अडलेल्या मुलांना घड्याळ लावून वाचायला लावू नये; अक्षर चाचपडणाऱ्या मुलाला घाई केली की ते अंदाज बांधू लागते, आणि ती सवय मोडायला पुढे फार कष्ट पडतात.

थोडक्यात क्रम असा: आधी चाचणी, मग अडचणीनुसार गट, सकाळी स्वरचिन्हांसह अक्षरगटांचे थेट काम, दुपारी गोष्टीचे वाचन व बोलणे, आणि रोज थोडे स्वतःचे लेखन. दोन्ही अभ्यासकांचे म्हणणे यात येते, फक्त दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी.

सुमारे तीन महिने हे नियमितपणे झाल्यावर बहुतेक मुले साधी वाक्ये वाचू लागतात. दोन-तीन मुले मात्र हजेरी चांगली असूनही जागची हलणार नाहीत, अशी शक्यता गृहीत धरावी. त्यांच्याविषयी ‘लक्षच देत नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून डोळे आणि कान तपासून घ्यावेत. तिसरीपर्यंत कोणाच्याही लक्षात न आलेला चष्म्याचा नंबर ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही. तपासणीत काही निघाले नाही, मूल तोंडी हुशार आहे, गोष्टी समजतात, गणित जमते आणि तरीही शिकलेली अक्षरे रोज नव्याने विसरते, असे दिसले तर अध्ययन अक्षमतेच्या दृष्टीने मूल्यमापन व्हायला हवे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडे तशी लेखी शिफारस करता येते. शिफारशीबरोबर त्या मुलाच्या लेखनाचे तारखेसह चार-पाच नमुने आणि वर सांगितलेल्या नोंदी जोडाव्यात. नुसते ‘वाचता येत नाही’ असे लिहून पाठवलेल्या कागदावर पुढे काहीच होत नाही. आपल्या वर्गात अशी मुले निघाली, तर त्यांचे नाव-गाव न देता लेखनाचे नमुने येथे टाकावेत. त्यावरून अडचण कुठे आहे हे आणखी नेमके सांगता येईल.